हाताचा दोष

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात आणि तोंड चालू असतं, म्हणजे तीही बरी आहे.

पत्राला कारण तुझी लेक. परवा ती दुकानात आली. तिच्या हॉस्टेलपासून माझं दुकान वीस मिनिटांवर आहे, हे तिला तीन वर्षं माहीत होतं. आली परवा. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, ओळखलंत का?" आईची हनुवटी जशीच्या तशी उचलून तिच्या चेहऱ्यावर बसवली आहे. न ओळखायला मी आंधळा असायला हवा, आणि आंधळ्याला लेन्स दुरुस्तीचं दुकान चालवता येत नाही.

परदेशी जाते आहे म्हणाली. बर्फाच्या मुलखात, बोटीवरून, सहा आठवडे. हिमनदी दरवर्षी किती मागे सरकते ते त्यांचे सर मोजतात. त्यांच्या तुकडीत एका विद्यार्थ्याची जागा असते आणि ती एका विद्यार्थ्याला एकदाच मिळते. हिला मिळाली ती फोटोंच्या कामासाठी. हे सगळं तुला माहीत असणार. मला नवीन होतं.

कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, सगळं मिळून चार किलोच नेता येतं. वर एक बटणसुद्धा नाही. तिनं विचारलं, "काका, कुठल्या लेन्स नेऊ?"

मी टेबलावर फडकं पसरून एकेक मांडली. चोवीस मिलिमीटरची, पस्तीस, पन्नास, दोनशेपर्यंतचा झूम. झूम तिनं दोन्ही हातांनी उचलला, मनाशी तोलला आणि परत ठेवला. म्हणाली, "हा स्वतःचं तिकीट काढून येणार असेल तर नेते." बाबांकडूनच शिकली असशील, असं मी म्हटलं. ती म्हणाली, बाबा घरात कॅमेऱ्याचं नाव काढत नाहीत.

तुझी पंच्याऐंशीची लेन्स अजून माझ्याकडे आहे. बुरशी धरू नये म्हणून बल्ब लावलेल्या कपाटात, वरच्या खणात. काच स्वच्छ आहे, रिंग लोण्यासारखी फिरते. बोटीवर माणसंही असतील, नुसता बर्फ नसेल, आणि माणसांच्या चेहऱ्याला ती फार चांगली. तिच्या कॅमेऱ्याला बसवायचा अडॅप्टर माझ्याकडे आहे. देऊ का? लेन्स तुझी, म्हणून विचारतो.

एक ओळ लिही. फोन नको करू. हल्ली मला फोनवर नीट ऐकू येत नाही.

दादा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर लेकीच्या तोंडून पोचलं. तिनं तुझा आवाज काढून शब्द न शब्द सांगितला. "दादाला म्हणावं, विचारतोस काय, देऊन टाक. लेन्स सोन्यासारखी आहे. वाईट होता तो माझा हात." आणि दादाच्या कानाला काय झालं, डॉक्टरांना दाखवलं का, असंही तू विचारलंस म्हणे. विशेष काही नाही.

लेन्स मी काढून ठेवली आहे. पण तिनं ती अजून नेलेली नाही.

झालं असं. तिनं काउंटरवर आपला हात पालथा ठेवला, बोटं फाकली. म्हणाली, "काका, बघा. कापतोय?"

"नाही."

"नीट बघा ना."

मी वर्तमानपत्राचा एक कागद तिच्या बोटांवर ठेवला. बोटांची थरथर डोळ्यांना दिसली नाही तरी कागदाची कड ती दाखवते. कड हलली नाही. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "आत्ता नाही कापत. बाबांचाही आधी नव्हता कापत. बाबा म्हणतात, दोष घराण्यात असतो आणि त्याचा पत्ता फार उशिरा लागतो."

मी म्हटलं, घराण्यात कोणाचा हात कापत नाही. मी पस्तीस वर्षं या हातांनी केसाएवढे स्क्रू फिरवतोय. ती म्हणाली, "तुमचा नसेल. मी तुमची मुलगी नाही."

घरात आजीचा एकच फोटो आहे, तिच्या बहिणीबरोबरचा, आणि त्यात दोघींचे डोळे कुठले आणि चष्मे कुठले ते कळत नाही, असं तिनं सांगितलं. त्या फोटोसमोर उभं करून तू तिला म्हणालास, ट्रायपॉडशिवाय एकही फोटो काढू नकोस, नाहीतर माझ्यासारखी जन्मभर हा बघत बसशील.

धाकट्या, ट्रायपॉड पावणेदोन किलोचा आहे. तो नेला तर कॅमेऱ्याबरोबर एक लेन्स कशीबशी बसते. शिवाय बोटीवर त्याचा उपयोग नाही. इंजिनाची थरथर डेकवरून ट्रायपॉडच्या पायांत शिरते, पायांवरून कॅमेऱ्यात. त्यापेक्षा माणसाचा हात बरा, तो थरथर गिळतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बाबा म्हणाले ट्रायपॉड."

तू तिला परत एकदा सांगून बघ.

दादा


४ मार्च

धाकट्या,

तुझी लेक काल आली ती लेन्स बघायला नाही. सरांना जाऊन सांगून आली होती की फोटोंचं काम दुसऱ्या कोणाला द्या. मी म्हटलं, अगं, जागाच फोटोंची होती, ती गेली की तू गेलीस. ती म्हणाली, "हो. मग?" सर शहाणे दिसतात. त्यांनी अर्ज मागे घेऊ दिला नाही, पंधरा तारखेपर्यंत विचार कर म्हणाले.

तिनं काढलेले तीनशे फोटो मी भिंगाखाली बघितले. दगड, नदीचे काठ, मैत्रिणी, एक कुत्रा. काही चांगले आहेत, काही नाहीत. हललेला एकही नाही. मी हे सांगितल्यावर तिनं ऐकून घेतलं, जसं आपण डॉक्टरकडून दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट ऐकून घेतो.

"तिकडे जाऊन हलले तर? परत थोडीच जायला मिळणार आहे," म्हणाली. "बाबांना मिळालं का?"

तुझी वहिनी आतून सगळं ऐकत होती. पोरगी गेल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ म्हणजे एकेक नमुना. एकानं स्टुडिओ विकला, एकानं जीभ विकली. त्या पोरीला काहीतरी सांगा की." मी म्हटलं, सांगितलं. ती म्हणाली, "ते नाही. जे सांगायचंय ते."

तिला काही माहीत नाही. पण तिला वास येतो.

मी आज दुकान उघडलं नाही. पत्र लिहायला बसलो आणि इथपर्यंत आलो. आता उठतो. उद्या लिहीन.

दादा


५ मार्च

धाकट्या,

लेन्समध्ये दोष होता.

हे वाक्य लिहायला मला एकोणीस वर्षं आणि सकाळपासूनचे चार तास लागले. आता पुढचं भराभर लिहितो.

मावशीनं परदेशातून दोन तिकिटं पाठवली. बहिणींनी सदतीस वर्षं एकमेकींना बघितलं नव्हतं आणि मावशी फार दिवसांची नव्हती. आई म्हणाली, "धाकट्याला नेते. तो फोटो काढील. तू येऊन काय करणार, लेन्स पुसशील?" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत कमी तू हसलास, तेही मला लागलं.

तू मला विचारलंस, दादा, कुठल्या लेन्स नेऊ? मी म्हणालो, एकच ने. आईला हात द्यावा लागेल, खांद्यावर ओझं नको. पंच्याऐंशी ने, म्हाताऱ्या चेहऱ्यांना तिच्यासारखी दुसरी नाही. तो सल्ला चांगला होता. आजही तोच देईन.

लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी आली होती, कोळ्यानं नुकतं जाळं धरावं एवढी. निघायच्या आदल्या दिवशी तू ती माझ्याकडे साफ करायला टाकून गेलास. काच बाहेर काढली की तिच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेचं टोक पुढच्या बाजूला. काही काचा दोन्ही अंगांनी जवळजवळ सारख्या फुगीर असतात, नुसत्या बोटांना फरक कळत नाही. दुकानाच्या जुन्या मालकांनी मला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या दिवशी मी रेघ मारली नाही. लेन्स बंद केल्यावर कॅमेऱ्याच्या बॉडीला लावून तिच्यातून भिंतीवरचा बारीक रेघांचा चार्ट बघायचा असतो. तोही बघितला नाही.

काच मी मुद्दाम उलटी बसवली नाही. हे मानायचं की नाही ते तू ठरव. चार्ट मात्र मुद्दाम बघितला नाही. मनात म्हणालो, जाणारा तो आहे, बघायचं तर तो बघेल. पाच मिनिटांचं काम होतं.

तुम्ही महिनाभरानं आलात. चौदा रोल. आई आणि मावशी स्वयंपाकघरात, आई आणि मावशी बाकावर, एकमेकींच्या केसांत हात घालताना, सगळं दुधाच्या पेल्यातून बघितल्यासारखं. तोवर मावशी गेल्याचा फोनही आला होता. तू सोमवारी सकाळी लेन्स घेऊन आलास. "दादा, बघ ना जरा, हिच्यात काही झालंय का?" मी तुला खाली चहाला पाठवलं आणि लेन्स उघडली. तिसरी काच उलटी होती. माझीच चूक, माझ्याच हातची, माझ्यासमोर टेबलावर.

मी ती सरळ केली. लेन्स बंद केली. तू वर आलास तेव्हा ती बॉडीला लावून तयार होती.

"बघ चार्ट. ठणठणीत आहे."

तू बघितलंस. "मग हे काय, दादा?"

"हात."

तू प्रिंट उजेडाला धरलेस. तुला शंका आली होती. तू म्हणालासही, "पण हे हललेलं वाटत नाही रे. हललं की रेघा दुहेरी होतात." बरोबर म्हणत होतास. मी म्हणालो, "बारीक थरथर असली की असंच धूसर होतं." तू मान डोलावलीस. या बाबतीत तू माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हतास.

त्यानंतर मी आणखी एक बोललो. ते वाक्य या पत्रात दोनदा लिहून खोडलं, वर दिसत असेल. "दोन वर्षं बघतोय," म्हणालो. "लग्नांचे फोटोही तुझे हललेले असतात. गिऱ्हाईक बोलत नाही इतकंच." तू काढलेल्या लग्नांचे फोटो मी बघितलेले होते. एकही हललेला नव्हता.

लेन्स तू माझ्याच टेबलावर ठेवून गेलास. सहा महिन्यांत स्टुडिओ विकलास, गोदामात नोकरी धरलीस, गाव बदललंस. भावांचं बिनसलं असं लोक म्हणत. बिनसलं कुठे होतं? तू लाजून गेलास आणि मी तुला जाऊ दिलं. सुरुवातीला तुझे फोन यायचे. मी तुझ्या वहिनीला खूण करायचो, म्हणावं बाहेर गेलेत. माझे कान चांगले आहेत.

लेकीला मी यातलं काही बोललो नाही. आधी तुला कळायला हवं होतं. आणि मी सांगितलं तर तिला वाटेल काका समजूत काढतायत. पंधरा तारखेच्या आत तू सांग.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुझ्यावर एक काम पडतं.

दादा


१३ मार्च

धाकट्या,

परवा तू येऊन गेलास. तू तिथे होतास, तरी मी ते लिहून काढतो आहे. नाहीतर काही दिवसांनी मला ते माझ्या सोयीनं आठवायला लागेल.

तू लेकीला घेऊन आलास आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलास. तुझी वहिनी चहा घेऊन आली. "एकोणीस वर्षांनी आलात भाऊजी. वाटेत बस बंद पडली होती का?" तू तिच्याकडे बघून हसलास. मग माझ्याकडे वळलास.

"उघडा ती."

गिऱ्हाईक म्हणतं तसं. तुझी वहिनी ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली, मग आत गेली.

मी लेन्स उघडली. काचा फडक्यावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीच्या कडेला रेघ मारली. तू माझ्या हातांकडे बघत होतास. लेक दाराला टेकून उभी होती. तू तिला बसमध्ये सगळं सांगितलं होतंस, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"कुठली?"

मी तिसरी दाखवली.

"तेव्हा होती तशी लावा."

"कशाला?"

"लावा."

मी ती उलटी बसवली, लेन्स बंद केली. तू लेकीचा कॅमेरा मागून घेतलास. अडॅप्टर तुला तिनं लावून दिला, तुझ्या वेळी तो नव्हता. तू उठलास, स्टूल पायानं मागे सारलंस, कोपरं बरगड्यांना टेकवलीस आणि श्वास अर्धा सोडून थांबवलास. माझा एक फोटो काढलास. एकच.

मग तू आणि लेक तो पडद्यावर मोठा करून बघत राहिलात.

"बाबा," ती म्हणाली, "हा तर घरातल्या आजीच्या फोटोसारखा."

"हो," तू म्हणालास. "तसाच."

मला वाटलं झालं. पण तू कॅमेरा खाली ठेवून विचारलंस, "आईनं तुम्हाला विचारलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते माहीत असणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. पण मी सांगितलं. शेवटच्या आजारात एकदा उशी सारखी करताना तिनं विचारलं होतं. "लेन्समध्ये काही नव्हतं ना रे? पोर खचलंय."

"मग?"

"नाही म्हणालो."

काच सरळ करून देतो, असं मी म्हटलं. तू नको म्हणालास. लेन्सला दोन्ही बाजूंनी टोपणं लावलीस आणि कोटाच्या खिशात टाकलीस. "आई मला हिच्यातून अशीच दिसली," म्हणालास. "आता आणखी हात नका लावू."

जिन्यावरचं बोलणं मला ऐकू आलं. आता ते लपवत नाही. लेक विचारत होती कुठल्या नेऊ. तू म्हणालास, "पस्तीस आणि झूम. बर्फ लांब असतो, माणसं जवळ. दोन्ही नवीन घेऊ, पेटीबंद. कोणी न उघडलेल्या."

"ट्रायपॉड?"

"तो कशाला?"

"मग हात?"

"हाताला काय झालंय?"

तू हे अगदी सहज म्हणालास.

संध्याकाळी तुझ्या वहिनीला मी सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल याची वाट बघत होतो. तुझा चहा तसाच राहिला होता, तो तिनं ओतून दिला आणि कप बराच वेळ धुतला.

दादा


२ मे

धाकट्या,

लेक शनिवारी निघाली हे मला तिनंच विमानतळावरून कळवलं. तिला सोडायला येऊ का, हे तुला विचारायचं मी ठरवलं होतं आणि विचारलं नाही. दोन्ही लेन्स चांगल्या निघाल्या म्हणाली. सामान तीन किलो सातशे भरलं, उरलेल्यात जाड मोजे घेतले. "काका, बोलताना तुमचा आवाज इतका हळू का येतोय?" असं विचारलं. मी म्हटलं, लाइन खराब असेल. मग म्हटलं, लाइन चांगली आहे. ती म्हणाली, "येऊन भेटते." भेटेल की नाही, बघू. तुझी परवानगी असेल तरच.

मी दुकान चालू ठेवलं आहे. बंद करावं असं वाटलं होतं. पण दुरुस्तीला आलेल्या लेन्स लोकांच्या आहेत, त्या पुऱ्या करून द्यायला हव्यात.

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी ते बराच वेळ फोडलं नाही. पत्र नव्हतं. माझा फोटो होता, त्या दिवशीचा, मोठा करून छापलेला. मागे पेन्सिलीनं, स्टुडिओत प्रत्येक प्रिंटच्या मागे लेन्स कुठली, शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं आणि कॅमेरा कशावर होता ते लिहायचास तसं, तीन शब्दांच्या तीन ओळी करून लिहिलं आहेस. पंच्याऐंशी. एकशेपंचविसावा. हातात.

हे उत्तर आहे असं मी धरून चालत नाही. हिशेब सरळ केलास, इतकंच समजतो. तरी पाकिटावर पत्ता तुझ्या हातचा होता, अक्षर तेच होतं.

फोटो टेबलावर होता. तुझ्या वहिनीनं टेबल पुसायला घेतलं तेव्हा तो उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, उजेडाकडे वळून बघितला. मग हात लांब करून बघितला.

"हे कोण?" म्हणाली.

मी म्हटलं, "मी."

दादा